पहाटे आलेली सांडणी

आमच्या वलाता गावात बापाचं घर मुलाला मिळत नाही, भाच्याला मिळतं. पोट कुणाचं ते सगळ्यांना दिसतं, बी कुणाचं ते देव जाणे, असं माझी आई म्हणायची आणि वर हसायची. रीत शहाणपणाची असेलही. पण ज्याचा बाप तिलूतान होता, त्या मुलाला या शहाणपणाचं काय कौतुक?

माझा बाप वाटाड्या होता, आणि साधासुधा नव्हे. उत्तरेच्या मिठाच्या खाणीवरून काफिला निघाला की दहा दिवस पाण्याचा थेंब नाही. मग तासरहलाचं पाणी लागतं. तिथे माणसं तीन दिवस विसावतात, पखाली सांधतात, वाऱ्याने पाणी उडू नये म्हणून त्यांच्यावर जाड कापड शिवतात. तिथून एकच माणूस काफिल्याची पत्रं घेऊन एकटा पुढे निघतो. तो वलाताला पोचला की गावातून पाण्याचे उंट सुटतात आणि चार दिवसांच्या वाटेवर काफिल्याला गाठतात. तो माणूस पोचला नाही, तर काफिला येतोय हेच कुणाला कळत नाही. मग महिन्या दोन महिन्यांनी वाळूत मिठाच्या लाद्या सापडतात.

बापाने हे काम बावीस वर्षं केलं. एकदाही चुकला नाही.

त्या बावीस वर्षांत दुनिया बदलली. आजोबांच्या काळी वलातात चाळीसेक घरं होती. मग दक्षिणेला मालीचं राज्य उठलं. सोन्याच्या मुलखाच्या वाटा त्यांनी धरल्या, नदीकाठची गावं घेतली, आणि एके दिवशी त्यांचा सुभेदार, त्याला फरबा म्हणतात, आमच्या गावात मांडवाखाली येऊन बसला. त्यांचा एक मान्सा, म्हणजे बादशहा, मक्केला जाऊन आला. वाटेत मिसर देशात, कैरोला, त्याने इतकं सोनं वाटलं की तिथे सोन्याचा भाव पडला म्हणतात. त्यानंतर फेझपासून कैरोपर्यंत ज्याला दोन उंट जोडता येत होते तो आमच्याकडे यायला निघाला. मी लहान असताना काफिल्यात दोनशे उंट असायचे, दाढी आली तेव्हा दोन हजार. रस्त्यावर सोन्याची पिशवी पडली तरी मालक येईपर्यंत तिला कुणी पाय लावत नसे, एवढी मान्साची जरब. पण त्या लांब हाताचं वाळवंटातलं शेवटचं बोट म्हणजे माझा बाप. बोट तुटलं की हात थोटा.

आणि हे सगळं शिकवलं त्याने कुणाला? अमनायला. माझ्या तमगुंत आत्याच्या मुलाला.

माझ्या वाट्याला बुबकर मामा आला. मामा पखाली करायचा. बकऱ्याचं कातडं बाभळीच्या शेंगांच्या पाण्यात भिजत घालायचं, खरवडायचं, शिवायचं, लोणी चोळायचं. दहा वर्षांचा झालो तेव्हा आईने मला तिथे नेऊन सोडलं. त्याच आठवड्यात बापाने अमनायला सांडणीवर पुढे बसवून उत्तरेला नेलं. परत आला तेव्हा अमनाय मला म्हणाला, वाळूला चव असते, ठाऊक आहे? मी म्हणालो, कातड्याला वास असतो, ये बघायला. तो हसला आणि खरंच आला. दिवसभर माझ्याबरोबर कातडी खरवडत बसला. त्याचं हेच मला सोसत नसे. तो वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

बाप त्याला तंबूत बसवून वाटा सांगायचा. मी तंबूच्या मागे पखाली वाळत घालायचो आणि ऐकायचो. कुठल्या टेकाडाची वाळू दाताखाली करकरते, कुठली पिठासारखी विरते. लाल कड्याजवळच्या काटेरी झुडपांचा डिंक उंटाच्या केसांत कसा अडकतो. एकट्या माणसाला भुतं हाका मारतात तेव्हा काय करायचं. अमनायला दोनदा सांगावं लागे, मला एकदा पुरे. एके दिवशी बाप अर्ध्यात थांबला आणि कापडाच्या आडून म्हणाला, "इद्दर, तुझ्या मामाचं काम खोळंबलं असेल." एवढंच. मी उठून गेलो. दुसऱ्या दिवसापासून त्या पखाली जरा लांबच्या दोरीवर घालू लागलो. पण वारा माझ्या बाजूने असला की ऐकू यायचंच.

बापाचे डोळे पन्नाशीतच गेले. वाळूची झळ. अमनाय विसाव्या वर्षी पहिल्यांदा एकटा निघाला आणि आठव्या दिवशी वलाताला पोचला. बापाला नऊ लागायचे. फरब्याने त्याला मिसरचं कापड दिलं, मध आणि दुधात कालवलेल्या बाजरीने भरलेलं भोपळ्याचं भांडं घरी पाठवलं. बायकांनी त्याच्यावर गाणं रचलं. माझी बायको ताफसूत त्याची जुनी मैत्रीण. आमच्यात त्यात कुणाला वावगं वाटत नाही. ती त्याच्याशी अंगणात गप्पा मारत बसायची आणि मी आत कातडं शिवायचो. तिचं हसू ऐकलं की माझी सुई वाकडी जायची.

बाजारात मला लोक विचारायचे, तू तिलूतानचा कोण? मी म्हणायचो, मुलगा. ते म्हणायचे, असं होय, आणि अमनायची चौकशी करायचे.

असंच मी पस्तिशीला आलो. मामा वारला, दुकान माझं झालं. त्या वर्षी मिठाचा काफिला उशिरा निघाला होता. उन्हाळा तोंडावर आलेला. अमनाय त्यांना आणायला गेला होता, त्याच्याजवळ माझ्याच हातच्या दोन पखाली होत्या. बाप रोज काठी टेकत गावाच्या उत्तरेच्या टोकापर्यंत जायचा, वारा हुंगायचा आणि परत यायचा. गाव वाट पाहत होतं.

एका पहाटे मी गावाबाहेरच्या विहिरीवर कातडी भिजवायला गेलो. उजाडायला लागलं होतं. उत्तरेकडून एक सांडणी आली. पाठीवर खोगीर होतं, स्वार नव्हता. अमनायची पांढरी सांडणी, मी लांबूनच ओळखली. ती सरळ हौदाशी आली, गुडघे टेकले आणि प्यायला लागली.

तिच्या गळ्यात पत्रांची पिशवी होती, आणि पिशवी बांधली होती अमनायच्या निळ्या पागोट्याने. तीन गाठी, एकावर एक.

आमचा माणूस वाळवंटात मेला तरी डोक्यातोंडाला गुंडाळलेलं पागोटं सोडत नाही. ते त्याने स्वतःच्या हाताने सोडलं होतं. म्हणजे सांडणी सुटून आली नव्हती, त्याने ती पाठवली होती. त्याला तिच्यावर चढता येत नव्हतं, म्हणून स्वतः मागे राहून त्याने पत्रं पुढे धाडली होती. हे सगळं मला एका श्वासात समजलं. माझं पाप लहान नाही ते याचमुळे. मी न समजता काही केलं नाही.

मी सांडणीला उठवलं आणि माझ्या कातडी कमावण्याच्या छपरामागे नेऊन बसवलं. गाठी सोडल्या. पागोटं ओल्या कातड्यांच्या ढिगाखाली सारलं. आणि बसून राहिलो.

मी काय ठरवलं होतं, असं पुढे मला पुष्कळांनी विचारलं. काहीच नाही. मी फक्त उठलो नाही. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की आता बापाला माझ्याशिवाय कुणी नाही. आत्याला दुसरा मुलगा नाही. बाप मला हाक मारेल, जवळ बसवेल, म्हणेल, इद्दर, लाल कड्यावरून कसं जायचं ते ऐक. आणि मी म्हणेन, मला येतं. ते सुख मी तिथे त्या घाण वासात बसून चाखत होतो. काफिल्यातली माणसं मला आठवलीही नाहीत, असं म्हणालो तर खोटं होईल. आठवली. पण ती लांब होती.

ऊन वर आलं तेव्हा बाप रोजच्यासारखा काठी टेकत आला आणि छपरापाशी थांबला.

"आज काही?"

"नाही, बाबा."

तो पुढे गेला. मी कसा आहे, जेवलो का, हे त्याने विचारलं नाही. मी मनात म्हणालो, बघ, याला मी दिसतच नाही. जणू त्याला दुसरं कुणी दिसत होतं.

दुपार कलली तशी सांडणी मोठ्याने ओरडायला लागली. शेजारची बाई डोकावली आणि कुणाचं जनावर आहे म्हणून विचारू लागली. तेव्हा मी उठलो. पश्चात्ताप वगैरे काही झाला नव्हता, भीती वाटली. पत्रांची पिशवी घेऊन धावत फरब्याच्या मांडवाकडे गेलो आणि सांगितलं की अमनायची सांडणी आताच रिकामी आली.

गाव खडबडून जागं झालं. जो तो पखाली भरू लागला. माझ्या दुकानातली एकूण एक पखाल लोकांनी नेली. सूर्य मावळता मावळता पाण्याचे सव्वाशे उंट उत्तरेला निघाले. अमनायचं नाव कुणी काढलं नाही. वाटाड्या गेला, सांगावा आला, आता आधी जिवंत माणसं वाचवायची. आत्या मात्र रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसली होती.

बापाने सांडणी मागवली. तो तिच्या अंगावरून हात फिरवत गेला. केसांतला डिंक नखाने काढून चाटला. तळपायाच्या फटीतली वाळू जिभेवर ठेवली.

"लाल कडा," तो म्हणाला. मग त्याचा हात तिच्या पोटावर थांबला. पोट टम्म होतं. त्याने तिच्या नाकपुड्यांना हात लावला, ओठ चाचपले. अंग थंड, श्वास शांत, आणि तोंडात रवंथ चालू. आताच वाळवंटातून आलेल्या जनावराचं हे लक्षण नव्हतं. मला वाटलं, आता काठी घालेल.

"वाट तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. "जा."

मी कुठून ऐकली, कशी शिकलो, काहीच त्याने विचारलं नाही. त्यातही मला अभिमान वाटला, हेही सांगून टाकतो. बाहेर आत्या रडत होती आणि माझी छाती फुगली होती.

मी दोन उंट घेऊन एकटा निघालो. पाण्याची माणसं सरळ उत्तरेला गेली होती, लाल कडा त्यांच्या वाटेच्या पूर्वेला, दोन दिवसांवर. तंबूमागे ऐकलेला शब्द न् शब्द माझ्या उपयोगी पडला. दाताखाली वाळू करकरेनाशी झाली तिथे वळलो, डिंकाची झुडपं लागली तिथे उतरलो. तिसऱ्या दिवशी सकाळी कड्याच्या सावलीत अमनाय दिसला. हातांनी वाळू उकरून गारव्याला आत शिरून पडला होता. उघडा चेहरा सोलून निघाला होता. सांडणी दगडांवरून घसरली होती आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं.

त्याच्या उशाला माझी पखाल होती. तळाशी अजून ओंजळभर पाणी.

"गळली नाही," तो म्हणाला. ओठ फुटले होते, शब्द धड येत नव्हते. "थेंबही नाही. काफिल्याला पाणी गेलं का?"

मी म्हणालो, गेलं. त्याने डोळे मिटले. मी त्याच्या मांडीला काठ्या बांधल्या, त्याला उंटावर आडवा घातला आणि परत आणला. वाटेत तो वेदनेने ओरडायचा आणि मधूनच मला दुवा द्यायचा. त्याची दुवा मला उन्हापेक्षा जास्त लागली.

पंधरवड्याने काफिला आला. पाणी त्यांना ज्या संध्याकाळी मिळालं त्याच दिवशी सकाळी सात माणसं गेली होती. पाच हमाल, उत्तरेच्या सिजिलमासा शहराचा एक म्हातारा व्यापारी आणि त्याची सून. सकाळी गेली, संध्याकाळी पाणी आलं. मधला वेळ किती, ते मी कुणाला विचारलं नाही. मला ठाऊक होता.

मेलेल्या व्यापाऱ्याचा भागीदार मखलूफ मोठा तापट माणूस. त्याने फरब्याकडे न्याय मागितला. त्याचं म्हणणं, वाटाड्या झोपला, सांडणी सुटली, भटकत उशिरा पोचली, म्हणून माणसं मेली. पत्रं मुद्दाम बांधून धाडली, हे अमनायचं बोलणं थोतांड आहे. वलाताचे लोक मांडवाभोवती जमले. फरबा चटईवर बसला होता. तो व्यापाऱ्यांशी कधी स्वतः बोलत नसे, दुभाषा बोलायचा. अमनायला खाटेवर घालून आणलं होतं. पागोट्याने बांधली, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

मखलूफ म्हणाला, "मग पागोटं कुठे आहे? पिशवी आली, पागोटं वाऱ्याने नेलं का?"

लोकांत कुजबुज झाली. कालपर्यंत अमनायचं गाणं म्हणणाऱ्या बायका त्याच्या खाटेपासून मागे सरकल्या. दुभाष्याने फरब्याचा मनोदय सांगितला, की असा माणूस मान्साच्या वाटेवर नको. मग मखलूफ माझ्याकडे वळला. म्हणाला, "हा पखालवाला एकटा जाऊन माणूस शोधून आणतो. तिलूतानचा मुलगाच ना हा? आम्हाला हा वाटाड्या द्या."

जन्मभर जे मागितलं ते समोर आलं. शपथेवर सांगतो, त्या क्षणी मी आनंदलो. अमनायकडे पाहिलं तर तो माझ्याकडेच पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. तो म्हणाला, इद्दरला खरंच वाट येते, त्याला द्या. तेव्हा मला त्याचा इतका द्वेष वाटला की सांगता सोय नाही. हरतानाही हा माझ्यापेक्षा मोठाच राहणार होता.

बाप लोकांच्या पुढच्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तो उठला नाही. आवाजही चढवला नाही.

"इद्दर," तो म्हणाला, "सांडणी कधी आली?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. बापाला उत्तर ठाऊक होतं. पंधरवडा त्याने ते पोटात ठेवलं होतं. तो स्वतः सांगू शकत होता, पण त्याने विचारलं. त्याने मला वाचवायला विचारलं की भाच्याला, हे मला आजही ठरवता येत नाही. मी तोंड उघडलं तेव्हा खोटंच बोलणार होतो. आलं ते खरं.

"पहाटे," मी म्हणालो.

मग मी सगळं सांगितलं. हौद, तीन गाठी, छप्पर, बापाला दिलेलं उत्तर. दुकानात जाऊन पागोटं आणलं. कातड्याच्या पाण्याने ते तपकिरी झालं होतं आणि त्याला वास मारत होता. अमनायने ते हातात घेतलं आणि तोंडावरून फिरवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. माझी आई लोकांतून उठून निघून गेली.

मखलूफने माझं रक्त मागितलं. काझी आणि फरबा दोन दिवस बोलत बसले. अखेर दुकान गेलं, मेलेल्यांच्या घरी. आणि फरब्याने दुभाष्याला बाजूला सारलं, मला जवळ बोलावलं आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "बारा वर्षं. जो काफिला येईल त्याला पाणी घेऊन तू जाशील. पायी. आणि सगळे प्यायल्यावर पिशील."

मी बारा वर्षं गेलो. उंटांच्या रांगेबरोबर चार दिवस चालत जायचं, चार दिवस परत. ताफसूत एक वर्ष माहेरी राहिली, मग परत आली. का आली ते तिने सांगितलं नाही.

अमनायचं हाड वाकडं जुळलं, पण दीड वर्षाने तो पुन्हा सांडणीवर बसला आणि पुन्हा मान्साचा वाटाड्या झाला. पाण्याच्या उंटांबरोबर तो आमच्या पुढे असायचा, मी मागे धुळीत. त्याच्याबरोबरच्या पहिल्या खेपेला मी काफिल्यात पखाल घेऊन माणसामाणसापाशी गेलो. त्याच्यापाशी पोचलो तेव्हा त्याने हात पुढे केला नाही. दुसऱ्या कुणाकडून प्यायला. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्याने माझ्या हातातली पखाल घेतली, प्यायला, तोंड पुसलं.

"शिवण तुझी नाही," तो म्हणाला.

"दुकान गेलं माझं," मी म्हणालो.

"दिसतंय. गळतेय." आणि तो लंगडत पुढे गेला. आमच्यात त्यानंतर त्या पहाटेबद्दल कधी बोलणं झालं नाही. माफी मी मागितली नाही, त्याने दिली नाही.

बाप मात्र मी परत आलो की मला बोलावून घ्यायचा. तब्येत विचारायचा नाही. लाल कड्यापाशी वाळू किती चढली, अमुक टेकाड कुठे सरकलं, एवढंच विचारायचा. मी वाळूची चिमूट आणून त्याच्या तळहातावर ठेवायचो. तो चाखून मान हलवायचा. मग मी बाहेर पडलो की ऐकू यायचं, तो अमनायला सांगतोय, इद्दर म्हणतो टेकाड पूर्वेला गेलं, तिकडून जाऊ नकोस. माझं नाव त्याच्या तोंडात ऐकून बरं वाटायचं. ते अमनायच्या कामाला लागतंय म्हणून जळायचोही. दोन्ही एकदमच व्हायचं.

सातव्या वर्षी बाप गेला. मी पाण्याबरोबर बाहेर होतो. आलो तोवर त्याला पुरलं होतं. रिवाजाप्रमाणे उंट, तंबू, सगळं अमनायचं झालं. कुणी मला विचारलं नाही.

शिक्षा संपली तेव्हा वलाताची घरं रिकामी होऊ लागली होती. नदीकाठचं तिंबुक्तू मोठं झालं होतं, मान्साने तिथे मशीद बांधली होती, आणि काफिले तिकडे वळत होते. अमनायनेही बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला. म्हणाला, नवी वाट आहे, दोघं लागतील, येतोस का? मी म्हणालो, इथे अजून वर्षातून दोन काफिले येतात, त्यांना पाणी कोण नेणार? तो म्हणाला, तुझी बारा वर्षं संपली की. मी म्हणालो, संपली.

सकाळी तो बापाच्या उंटांची रांग घेऊन निघाला. सगळ्यात पुढे तो, वाकडा पाय खोगिरावर आडवा टाकून, बाप बसायचा तसाच ताठ. गावातली उरलीसुरली माणसं त्याला निरोप द्यायला वेशीपर्यंत गेली. मी पण गेलो. खोटं कशाला बोलू, त्याला तसा जाताना पाहून पोटात कळ आलीच. वय वाढलं की जरा हळू येते, एवढंच. मग मी विहिरीवर गेलो. उत्तरेच्या काफिल्याचा मोसम पंधरा दिवसांवर होता आणि पखाली भिजवायच्या होत्या.